पिवळ्याचं जांभळं होताना

विकास आराखड्याच्या नकाशावर घरांचा रंग पिवळा आणि कारखान्यांचा जांभळा. पुष्कळ देशांच्या नियोजन कार्यालयांत हा संकेत थोड्याफार फरकाने सारखाच आढळतो. एखादा पिवळा तुकडा वर्षानुवर्षं मोकळा राहतो, त्याच्या दोन-तीन बाजूंनी घरं होतात, झाडं वाढतात, मुलं मोठी होतात. आणि एक दिवस तो तुकडा जांभळा करण्याचा प्रस्ताव येतो. सुनावणीतलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "जमीन नुसतीच पडून आहे."

या 'पडून'लाच मी आधी हात घालतो, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा असतो. पडून असलेली वस्तू म्हणजे अडगळ, आणि अडगळ हलवायला कोणाला विचारायचं? पण घराच्या जागेवर अजून घर झालेलं नाही, एवढ्यावरून ती घराची जागा नव्हे असं ठरत नाही. ती का पडून आहे, हे सुनावणीत क्वचितच कोणी विचारतं. कुठे वाटणीचा दावा चालू असतो. कुठे रस्ता आणि पाणी कागदावरच राहिलेलं असतं. कुठे मालक भाव चढण्याची वाट बघत बसलेला असतो. आणि कुठे खरोखरच त्या भागात घरांना गिऱ्हाईक नसतं. या चारही दुखण्यांवर एकच औषध कसं चालेल? दाव्यातली जमीन रंग बदलून दाव्यातून सुटत नाही. रस्ता-पाणी नाही म्हणून घरं झाली नसतील, तर कारखान्याला ते कुठून मिळणार? आणि त्याला द्यायची सोय असेल, तर घरांना इतकी वर्षं का दिलं नाही? भावाची वाट बघणाऱ्याला रंग बदलून देणं म्हणजे थांबून राहिल्याचं बक्षीस. राहिलं चौथं कारण. फेरबदलाचा विचार करण्याजोगं तेवढं एकच आहे, आणि तिथे घरांना मागणी नाही हे आकड्यांनिशी दाखवण्याचं काम अर्जदाराचं आहे, शेजाऱ्यांचं नव्हे.

आता उलट बाजूही सांगून टाकतो. दुसऱ्याच्या मोकळ्या जागेवर आपलं अंगण असल्यासारखा हक्क सांगणारे लोक असतात. उद्या तिथे खरोखरच घरं येऊ लागली, तर हेच लोक त्या घरांनाही विरोध करतील. त्यांची वकिली मला करायची नाही. जमीन मोकळी राहावी हा शेजाऱ्यांचा हक्क कधीच नव्हता. नकाशाने त्यांना मैदान कबूल केलं नव्हतं. शेजार कबूल केला होता. आज ना उद्या इथे आपल्यासारखीच माणसं राहायला येतील, त्यांचे दिवे रात्री मालवतील, त्यांच्याही खिडक्या उन्हाळ्यात उघड्या असतील, एवढं त्या पिवळ्या रंगाने सांगितलं होतं. त्या भरवशावर लोकांनी कर्ज काढलं. फेरबदलाने हा भरवसा मोडतो, आणि मोडल्याची भरपाई कोणी द्यायची हा खरा वाद आहे. 'विकास हवा की नको' असला पोकळ प्रश्न पुढे करून तो वाद झाकला जातो.

या विषयातला सर्वांत गाजलेला खटला अमेरिकेतला. ओहायो राज्यात क्लीव्हलंडजवळ तेव्हा युक्लिड नावाचं गाव होतं. तिथे अँबलर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन मोकळी होती. एका अंगाला मोठा रस्ता, दुसऱ्या अंगाला रेल्वे. कंपनीला ती कारखान्यांसाठी विकायची होती. १९२२ साली गावाने आराखडा केला आणि रस्त्याकडचा ६२० फुटांचा पट्टा घरांसाठी ठेवला. कारखान्यांना जागा दिली ती मागे, रेल्वेकडे. कंपनीचं म्हणणं, कारखान्यांसाठी एकरी १०,००० डॉलर येतील, घरांसाठी जेमतेम २,५००. म्हणजे गावाने आमची मालमत्ताच हिरावली. १९२६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी गावाची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकालात लिहिलं, की उपद्रव म्हणजे पुष्कळदा चुकीच्या जागी असलेली योग्य गोष्ट. डुक्कर गोठ्याऐवजी दिवाणखान्यात यावं तशी. शहर नियोजनाच्या वर्गात हे वाक्य इतक्यांदा ऐकवलं जातं, की त्या डुकराचीच दया यावी.

पण हा निकाल डोक्यावर घेऊन नाचणाऱ्यांना त्याचं पुढचं-मागचं ठाऊक असायला हवं. मागचं असं, की घरांचा पट्टा आणि कारखान्यांचा पट्टा यांच्यामध्ये गावाने १३० फुटांची एक पट्टी ठेवली होती. तिच्यात काय चालणार होतं? भाड्याच्या सदनिकांच्या इमारती, हॉटेलं, शाळा, चर्च, रुग्णालयं. म्हणजे बंगल्यांना धूर लागू नये म्हणून मध्ये भाडेकरू, विद्यार्थी आणि रोगी उभे करायचे. त्याच निकालात सदनिकांच्या इमारतींना बंगल्यांच्या वस्तीवरचं बांडगूळ म्हटलेलं आहे. घराचं रक्षण करणारा हा कायदा पहिल्या दिवसापासून कोणाचं घर ते बघत होता. आणि पुढचं असं, की घरांसाठी राखलेल्या त्या जमिनीवर सुमारे वीस वर्षं घरं झालीच नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानांच्या कामाचा कारखाना उभा राहिला. नंतर जनरल मोटर्सचा मोटारींच्या सांगाड्यांचा कारखाना चालला. जगात ज्या खटल्याच्या नावाने घर आणि कारखाना वेगळे ठेवले गेले, त्याच खटल्यातली जमीन शेवटी कारखान्याकडे गेली.

फेरबदलाचे समर्थक हा दाखला आनंदाने देतील. बघा, नकाशे काळाबरोबर बदलतातच! मान्य. नकाशा दगडावरची रेघ नाही. पण या गोष्टीतून 'बदल होऊ शकतो' एवढंच निघतं. 'बदलाचं बिल शेजाऱ्याने भरावं' हे निघत नाही. आणि ते बिल कोणी भरावं याबद्दल न्यायालयांनी दीडशे वर्षांत बराच खल केलेला आहे.

आधी कोण आलं, हा आपल्या मनात उठणारा पहिला प्रश्न. बस असो की घाट, आधी आला त्याची जागा. कायद्याने मात्र हा नियम सरसकट कधीच मानला नाही. लंडनमधला १८७९ चा खटला घ्या. एका मिठाईवाल्याचे खलबत्ते वीसहून अधिक वर्षं चालू होते. शेजारच्या डॉक्टरने मागाहून आपल्या बागेच्या टोकाला, नेमकी त्या भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि आवाजाची तक्रार केली. डॉक्टर जिंकला. लॉस एंजेलिसमध्ये विटांची एक भट्टी शहराच्या हद्दीबाहेर होती. शहर वाढत वाढत तिच्यापर्यंत आलं आणि त्याने वटहुकूम काढून भट्टी बंद केली. मालकाच्या म्हणण्याप्रमाणे ८ लाख डॉलरची जमीन ६० हजारांवर आली. १९१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यालाही दाद दिली नाही. भट्टी आधीची, घरं नंतरची, तरी घरांचं पारडं जड. मला स्वतःला हा निकाल कठोर वाटतो. ज्याने कोणाच्या वाटेला न जाता आडबाजूला धंदा मांडला, त्याच्या दारात वस्ती आणून मग त्यालाच उठवायचं आणि एक पैसाही द्यायचा नाही, यात न्याय कमी आणि दांडगाई जास्त आहे.

तोल सापडला तो १९७२ मध्ये, ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयात. फिनिक्स शहराबाहेर गुरं पुष्ट करण्याचा एक मोठा वाडा होता. एका बिल्डरने निवृत्तांसाठी वसाहत काढली आणि घरं विकत विकत तो त्या वाड्याच्या नाकापाशी पोचला. मग माश्या आणि घाण यांची तक्रार घेऊन कोर्टात. न्यायालयाने सांगितलं : वाडा हलवा, कारण आता तिथे माणसं राहतात आणि त्यांचा काही दोष नाही, पण हलवण्याचा खर्च बिल्डरने सोसायचा, कारण लोकांना तिथे आणलं त्याने. माणसांचं आरोग्य सांभाळलं गेलं आणि ज्याने परिस्थिती पालटली त्याच्याच खिशातून पैसे गेले. आता पात्रांची अदलाबदल करा. घरं आधीपासून आहेत, नकाशाही त्यांच्याच बाजूने आहे, आणि नवं काहीतरी आणणारा उद्योग आहे. बिल्डरला जो न्याय लागला तो उद्योगाला का लागू नये? पण फेरबदलाच्या सूचनेत शेजाऱ्यांना भरपाई हा शब्द सहसा शोधूनही सापडत नाही.

लंडनच्या त्याच मिठाईवाल्यावर अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० मध्ये बराच विचार केला. त्यांचं म्हणणं असं, की उपद्रव दोन्ही बाजूंनी असतो. खलबत्ता डॉक्टरला छळतो तसा डॉक्टर खलबत्त्याला. हक्क कोणाचा ते स्पष्ट असेल आणि बोलणी करायला खर्च येत नसेल, तर दोघं आपसात सौदा करून मार्ग काढतील. उद्योगाच्या बाजूने बोलणारे कोस यांचा पहिला भाग आवडीने सांगतात. दुसऱ्या भागातली मेख अशी, की सौदा करायचा तर हातात विकण्याजोगं काहीतरी हवं. शेजाऱ्याच्या हातात असतो तो नकाशाचा पिवळा रंग. त्याच्या जोरावर तो म्हणू शकतो, रात्रीच्या गाड्या बंद ठेवा, भिंत उंच करा, मग बघू. रंग आधीच बदलून टाकला, की त्याच्या हातातलं पान फुकट काढून घेतलं, आणि मग उद्योगाचे अधिकारी 'सामंजस्याने चर्चा करू या' म्हणायला मोकळे.

हे पान कसं जातं याचा इंग्लंडमधला नमुना मला फार बोलका वाटतो. चॅटम इथली नौदलाची जुनी गोदी १९८४ मध्ये बंद झाली. स्थानिक कौन्सिलने ती व्यापारी बंदर म्हणून चालवायला परवानगी दिली. रोजगार हवा होता, जागा रिकामी पडणार होती, सगळं ओळखीचंच. बंदर चाललं, आणि त्याचबरोबर अवजड गाड्या दिवसरात्र राहत्या घरांच्या रस्त्यांवरून धडधडू लागल्या. लोकांची झोप उडाली. शेवटी परवानगी देणारी तीच कौन्सिल न्यायालयात गेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हरली. न्यायाधीशांचा मुद्दा सरळ होता : तुम्ही परवानगी दिलीत तेव्हाच त्या परिसराचं रूप बदललं, आता तो शांत वस्ती आहे असं धरून आवाज मोजता येणार नाही. कुंपणाने शेत खाल्लं, आणि मग कुंपणच फिर्याद घेऊन उभं राहिलं. २०१४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एका मोटार-शर्यतीच्या मैदानाच्या प्रकरणात हा सूर बराच बदलला. नियोजनाची परवानगी म्हणजे उपद्रवाचा परवाना नव्हे, असं स्पष्ट केलं. पण मधली वीसएक वर्षं त्या रस्त्यावरच्या माणसांना परत कोण देणार?

रंग बदलला की काय बदलतं, हे आकड्यांतही दिसतं. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी क्षेत्राला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे; औद्योगिक क्षेत्राला ७५ आणि ७०. जर्मनीत साधारण रहिवासी भागाला दिवसा ५५, रात्री ४०. पूर्ण औद्योगिक भागाला दिवसरात्र ७०. डेसिबलची चढण सरळ नसते. १० ने वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. रात्रीच्या ४५ आणि ७० मधलं अंतर ऊर्जेच्या हिशोबाने तीनशे पटींहून जास्त आहे. जमीन तीच, रात्र तीच, आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे एवढी तफावत.

यावर नियोजनकार म्हणतील, शेजारचं घर रहिवासी क्षेत्रातच राहतं, त्याच्या खिडकीशी मर्यादा ४५ चीच. कागदावर बरोबर. पण ध्वनी काही रेघेपाशी चपला काढून थांबत नाही. जर्मन नियमांनी हे निदान प्रामाणिकपणे कबूल केलं आहे : जिथे घरं आणि उद्योग एकमेकांना भिडलेले असतात, तिथे घरांची मर्यादा वर सरकवून मधला आकडा ठरवता येतो. म्हणजे शेजारची जमीन जांभळी झाली तर तुमच्या न बदललेल्या घराच्या शांततेचा हक्कही थोडा पातळ होतो. इतर ठिकाणी हे लिहिलेलं नसतं, पण तक्रार घेऊन गेल्यावर 'बाजूला औद्योगिक क्षेत्र आहे, थोडं चालायचंच' हे उत्तर मिळतं. नियम तोच, फक्त तोंडी.

"पण इथे धुराडी येणार नाहीत, हलके उद्योग येणार आहेत." सुनावणीतलं हे दुसरं ठरलेलं वाक्य. धुराड्यांबद्दल ते खरं असतं. एकोणिसाव्या शतकातला उपद्रव डोळ्यांना दिसे आणि नाकाला झोंबे. नेपोलियनच्या १८१० च्या हुकुमाने घाण आणि धोकादायक कारखान्यांचे तीन वर्ग पाडले आणि पहिल्या वर्गाला घरांपासून दूर ठेवलं. ब्रिटनने १८६३ मध्ये सोड्याच्या कारखान्यांना हवेत जाणाऱ्या आम्लवायूपैकी ९५ टक्के अडवायला लावला. आजच्या 'हलक्या' उद्योगाचा उपद्रव मात्र कुंपणाच्या आत दिसतच नाही. तो रस्त्यावर आणि रात्री असतो. मालाची मोठी गोदामं घ्या. इमारत आतून स्वच्छ, एकही भट्टी नाही, वर्गवारीत ती निरुपद्रवी ठरते. पण गोदामाचं खरं यंत्र म्हणजे त्याच्या फाटकातून जाणाऱ्या गाड्या. मागे येताना वाजणारे भोंगे, तासन्‌तास चालू ठेवलेली इंजिनं, शीतपेट्यांच्या गाड्यांची घरघर, फाळके आपटल्याचे आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. तो धूर गोदामाच्या धुराड्यातून येत नाही, म्हणून गोदामाच्या अर्जात त्याचा रकानाही नसतो.

डेटा सेंटरचं तसंच. शेकडो पंखे आणि थंड पाण्याची यंत्रं अहोरात्र एका सुरात घुमत असतात, आणि वीज गेली तर म्हणून डिझेलवर चालणारे जनित्र रांगेने उभे असतात, अधूनमधून चालवून बघावे लागतात. त्या घुमण्यात खर्जातला भाग मोठा असतो. आवाज मोजायची नेहमीची पद्धत खर्जाला कमी भाव देते. त्यामुळे मीटर म्हणतो ठीक आहे आणि भिंतीपलीकडचा माणूस रात्रभर छताकडे बघत राहतो. त्याला वेडात काढणं सोपं जातं.

'हलका' हे विशेषण आज येणाऱ्या उद्योगाचं असतं, जमिनीचं नव्हे. ही गोष्ट तर सर्रास विसरली जाते. अर्जासोबत रंगीत चित्रं जोडलेली असतात : काचेची इमारत, पुढे हिरवळ, सायकलवर एक बाई. पण मंजूर होतो तो रंग. चित्रातली कंपनी तीन वर्षांत जागा विकून जाऊ शकते, आणि तिच्या जागी त्या रंगात बसणारं दुसरं काहीही येऊ शकतं. भटाला दिली ओसरी म्हणतात तसंच, फक्त इथे पुढे पाय पसरणारा भट कोण असेल हेही आज ठाऊक नसतं.

अपघातांबद्दल बोललं की अर्जदार दुखावतात. भोपाळचं नाव काढलं की कोणीतरी उठून म्हणतंच, इथे कुठे तसला कारखाना येतोय? नसेल येत. मीही प्रत्येक गोदामाला भोपाळ म्हणणार नाही. असा आरडाओरडा खऱ्या तक्रारीची किंमत घालवतो. पण 'गोदाम' हा शब्द किती गरीब आहे ते बघा. बैरूतच्या बंदरात ४ ऑगस्ट २०२० रोजी जे उडालं ते गोदामच होतं. आत काही वर्षांपासून सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेट पडून होतं, आणि दोनशेहून अधिक माणसं गेली. नेदरलंड्समधल्या एन्स्खेडे शहरात १३ मे २००० रोजी फटाक्यांचा साठा फुटला आणि भोवतालची राहती वस्ती जमीनदोस्त झाली, २३ मृत्यू. तुलूझमध्ये २१ सप्टेंबर २००१ रोजी खताच्या कारखान्यात स्फोट झाला, ३१ मृत्यू. एन्स्खेडे आणि तुलूझ या दोन्ही ठिकाणी धोका आधी एका बाजूला होता आणि शहर वाढत वाढत त्याला जाऊन भिडलं. युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशातच धोकादायक साठे आणि वस्ती यांच्यात पुरेसं अंतर राखायला भूवापराचे नियम वापरा, असं सांगितलं होतं. तिथल्या चुका नकळत, हळूहळू, पिढ्यान्‌पिढ्या झाल्या. आपण त्याच स्थितीत एका ठरावाने, सही-शिक्क्यानिशी जाणार असू, तर निदान त्या जागेत काय साठवता येणार नाही याची यादी तरी ठरावातच असायला हवी.

आता माझ्याच बाजूला टोचणारे दोन मुद्दे.

पहिला, घर आणि काम यांना कायम वेगळं ठेवणं हीच मुळात चांगली कल्पना आहे का? मला नाही वाटत. कामावर पोचायला रोज दोन तास घालवणारी माणसं याच पवित्र विभागणीची फळं भोगत आहेत. जपानमध्ये भूवापराचे तेरा प्रकार आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत घर चालतं; छोटी, बिनधोक्याची कार्यशाळा कित्येक रहिवासी भागांतही चालते, आणि घरं पूर्ण वर्ज्य आहेत ती फक्त एकाच प्रकारच्या निव्वळ औद्योगिक भागात. सुतार, शिंपी, छापखाना, यंत्रदुरुस्ती गल्लीत असण्याने शहर जिवंत राहतं. पण यातून पिवळ्याला सरसकट जांभळं करण्याची शिफारस निघत नाही, उलट निघते. तिथे प्रश्न 'उद्योग की घर' असा विचारला जात नाही. जागा किती, काय बनवणार, धोका किती, असा विचारला जातो. अमेरिकेतही १९५० च्या दशकापासून काही शहरांनी उद्योगाच्या नावाऐवजी त्याचा आवाज, कंप, धूर, वास, उजेड मोजायला सुरुवात केली. पंचवीस चौरस मीटरच्या सुतारकामाला दार उघडायचं असेल तर त्यासाठी पंचवीस एकर जांभळी करावी लागत नाही.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे. आमच्या शेजारी नको म्हणजे कोणाच्या शेजारी? लंडनच्या मिठाईवाल्याच्या १८७९ च्या त्याच निकालात न्यायाधीश म्हणून गेले, की बेलग्रेव्ह स्क्वेअरमध्ये जो उपद्रव ठरेल तो बर्मंडसीत ठरेलच असं नाही. बेलग्रेव्ह स्क्वेअर श्रीमंतांचा. बर्मंडसीत कातडी कमावण्याचे कारखाने आणि कामगारांची दाटी. बर्मंडसीच्या माणसाला नाक नव्हतं असं नाही, त्याच्या नाकाची पत कमी होती. सुनावणीला वकील घेऊन येणारी वस्ती प्रस्ताव परतवते, आणि तोच प्रस्ताव सहा महिन्यांनी जिथे कामाचा खाडा करून सुनावणीला येणं परवडत नाही तिथे मंजूर होतो. म्हणून माझा आक्षेप मी असा मांडू पाहतो, की तो कुठल्याही वस्तीला उचलून वापरता यावा. 'आमच्या घरांचे भाव पडतील' हा आक्षेप तसा नाही. ज्यांचे भाव आधीच पडलेले आहेत त्यांच्या तो काय कामाचा? 'रात्री दहानंतर आमच्या खिडकीशी इतका आवाज चालणार नाही, आणि तो तुम्ही कसा राखणार ते आधी दाखवा' हा आक्षेप झोपडीतूनही करता येतो.

रोजगाराबद्दल एवढंच म्हणतो, की आकडा जमिनीच्या मानाने मागावा. मोठी यांत्रिक गोदामं आणि डेटा सेंटरं जागा अफाट घेतात आणि माणसं थोडी. तीच जमीन घरांना, दुकानांना, लहान कार्यशाळांना दिली तर किती हात कामाला लागतील, हा हिशोब शेजारच्या रकान्यात मांडल्याशिवाय 'इतक्या नोकऱ्या येणार' या वाक्याला अर्थ नाही.

मग फेरबदल कधीच नको? तसं नाही. घरांना खरंच मागणी नसेल, तर रंग बदला. पण अटी त्या जमिनीला चिकटवा, आज आलेल्या कंपनीला नव्हे. कंपनी विकून गेली तरी अट मागे राहिली पाहिजे. मधली मोकळी पट्टी अर्जदाराने आपल्या हद्दीत सोडायची. युक्लिडसारखी भाडेकरूंची आणि शाळांची भिंत करायची नाही. अवजड गाड्यांची वाट आणि वेळ ठरावातच लिहायची, 'वाहतूक विभागाशी समन्वय साधून' असल्या मोघम शेपटीवर सोडायची नाही. ठरावीक मुदतीत सांगितलेलं काम उभं राहिलं नाही तर जमीन आपोआप पिवळी व्हावी, नाहीतर बदललेला रंग हाच एक विकायचा माल होतो. आणि ज्यांची घरं सर्वांत जवळ, त्यांच्या खिडक्यांपासून ते स्थलांतरापर्यंतचा खर्च अर्जदाराच्या हिशोबात पहिल्या दिवसापासून असावा, ॲरिझोनाच्या बिल्डरसारखा. हा खर्च धरल्यावर प्रकल्प परवडत नसेल, तर तो आधीही परवडतच नव्हता. फक्त उरलेली रक्कम शेजारी भरत होते.

या सगळ्यांत सर्वांत स्वस्त अट सर्वांत आधी टाळली जाते. परवानगी देण्यापूर्वीची शांतता मोजून ठेवणं. उद्योग सुरू झाल्यावर आवाज मोजायला येणं म्हणजे वरातीमागून घोडं, कारण तेव्हा तुलना कशाशी करणार? 'आधीपासून इथे एवढा आवाज होताच' असं कंपनी म्हणते, 'नव्हता' असं शेजारी म्हणतात, आणि दोघांच्याही हातात कागद नसतो. म्हणून सुनावणीला जाणाऱ्यांनी भाषणं नंतर करावीत. आधी अधिकाऱ्यांना एवढंच विचारावं : या जमिनीच्या कडेच्या घरांच्या खिडकीशी रात्री दोन वाजता आज किती डेसिबल आहेत? ती नोंद कोणत्या पानावर आहे?